पळता पळता कानाडोळा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमच्या वसाहतीच्या वार्षिक शर्यतीत मी पहिला आलो. पहिला म्हणजे पहिला, शेवटून नव्हे! कप माझ्या चष्म्याच्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवलाय, कुणीही येऊन बघावा. बघताना अंधूक दिसला तर लगेच नंबरही तपासून मिळेल. आता वसाहतीत काही माणसं अशी आहेत, की ती तुम्हाला कोपऱ्यात घेऊन "जिंकले खरे, पण..." असं काहीतरी सांगतील. त्या 'पण'चा एकदाचा निकाल लावावा म्हणून हे लिहायला बसलोय.

धावायची कल्पना माझीच. दिवसभर स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवता बसवता माझं पोट कधी काउंटरवर येऊन बसलं, मला कळलंच नाही. मग बूट आणले आणि रोज सकाळी धावायला लागलो. पोट काही उतरलं नाही, पण पायांची मात्र लाकडं झाली. एकदा स्टुलावर बसलो की उठता येईना. एक आजी चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आल्या होत्या, त्यांनी मला दोन्ही हात धरून उठवलं आणि वर विचारलं, "तुम्हाला कुणी मुलगा-सून नाही का हो?" त्यांचं वय माझ्या आईएवढं होतं!

यावर उपाय घरातच होता, हे बायको रोज सांगत होती. आमची ही वसाहतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग घेते. तिचं म्हणणं, नुसतं धावलं की स्नायू आखडतात, मग ते ताणायला नकोत का, श्वासाकडे बघायला नको का. असं बरंच काही ती सांगत असे. मी "हं" म्हणत असे.

या 'हं'बद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाला जितकी जास्त वर्षं होतात तितका नवऱ्याचा 'हं' पिकत जातो. माझा तर इतका पिकलाय, की मला काही करावंच लागत नाही. ती बोलायची थांबली की तो आपोआप बाहेर पडतो. डोळे हा माझा धंदा, कानांचं खातं माझ्याकडे कधी नव्हतंच. दोन्हींचा मिळून संसारात मी एकच उपयोग केला, तो म्हणजे कानाडोळा.

आणि गंमत बघा, याच बायकोच्या आवाजावर अख्खी वसाहत डोलते. ती तो वर्गातला खालचा, संथ आवाज लावते आणि म्हणते, "शरीर सैल सोडा," की माणसं पिळून टाकलेल्या टॉवेलसारखी जमिनीवर पसरतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्या म्हणतात, भुलीचं इंजेक्शन देण्यापेक्षा हिला दवाखान्यात आणून उभी करावी. मला मात्र त्या आवाजाने कधी साधी जांभईसुद्धा आली नाही.

तरी शेवटी पायांपुढे माझं काही चालेना. योग करायचं मी ठरवलं, पण दुकान उघडायच्या आत धावणं आणि योग दोन्ही कसं उरकायचं? तेव्हा मला ती कल्पना सुचली. दोन्ही एकदमच करायचं! एका दगडात दोन पक्षी. धावता धावता अनुलोम-विलोम. म्हणजे एक नाकपुडी दाबायची आणि दुसरीने श्वास घ्यायचा, मग ती दाबायची आणि पहिलीने सोडायचा. हे बसून, डोळे मिटून करतात म्हणे. मी धावत, डोळे उघडे ठेवून करायला लागलो. त्यातल्या त्यात वसाहतीच्या फाटकाजवळ चढ आहे, तिथे श्वास जास्त लागतो, म्हणून नेमका तिथे मी नाक धरायचो.

लोक बघत होते. रोज सकाळी एक सभ्य, व्यवसायाने प्रतिष्ठित माणूस फाटकाजवळ आला की नाक धरतो आणि जोरात पळतो. दोन-चार दिवसांनी रखवालदार हवा हुंगायला लागला. मग दूधवाला म्हणाला, येतोय खरा वास. आठवड्याभरात येणारे-जाणारे सगळे तिथे नाक धरून पळू लागले. मला वाटलं, वसाहतीत योगाचा प्रसार होतोय. मी उलट त्यांना हात उंचावून प्रोत्साहन देत होतो!

एके दिवशी बघतो तर फाटकाजवळ मोठा खड्डा. सेक्रेटरींनी ड्रेनेजची लाइन फुटली म्हणून माणसं लावून सगळं खणून काढलं होतं. आमचे सेक्रेटरी म्हणजे टेबल टेनिसचे वेडे. बोलतानासुद्धा ते कोपरातून हात असा फिरवतात की समोरचा माणूस मान वाकवतो. खणूनखणून लाइन सापडली, ती ठणठणीत होती. मग वासाची चौकशी सुरू झाली. रखवालदाराने दूधवाल्याकडे बोट दाखवलं, दूधवाल्याने आणखी कुणाकडे, आणि असं करत करत बोट आलं ते माझ्याकडे. मी फार अभिमानाने अनुलोम-विलोम समजावून सांगितला.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक मी माझं दाबलं होतं आणि तोंड उघडलं ते सेक्रेटरींचं. वसाहतीच्या सभेत त्यांनी योगाचा पार कचरा केला. या भलत्या प्रकारामुळे फाटक खणावं लागलं, तेव्हा तळमजल्याचा हॉल यापुढे योगाला मिळणार नाही, तिथे टेबल टेनिसचं टेबल लागेल. त्या हॉलवर त्यांचा कितीतरी दिवसांपासून डोळा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी निमित्त झालो, एवढंच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! इथे तर नाक दाखवून.

माझ्या शेजारी बसलेली बायको उठली. मला वाटलं, आता ही माझ्यावर घसरणार. पण तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती शांतपणे म्हणाली, की धावण्याला योगाची जोड दिली तर काय होतं ते महिनाअखेरच्या शर्यतीत बघा.

"पहिला येणारा माणूस माझ्या वर्गातला असेल. नसला, तर हॉल तुमचा."

सेक्रेटरींनी चारचौघांसमोर लगेच होकार दिला. देणारच! दरवर्षी शर्यतीत पहिला यायचा तो त्यांचा जावई. उंच, चपळ, सासऱ्याच्याच तालमीतला टेबल टेनिसचा खेळाडू. तो योग करतो असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

घरी आल्यावर ती मला एक शब्द बोलली नाही, आणि ते फार लागलं. ओरडली असती तर मी 'हं' म्हणून मोकळा झालो असतो. ती खिडकीत उभी राहून खालच्या हॉलच्या कुलपाकडे बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. घरात ती कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सून होती. त्या हॉलमध्ये ती 'मॅडम' होती. माणसं तिथे तिचं ऐकत. मला खरंच वाईट वाटलं. मी मनाशी ठरवलं, आता हिच्यासाठी जीव तोडून धावायचं.

शर्यत होईपर्यंत हॉल वर्गाकडेच राहणार होता, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मी रीतसर वर्गात जायला लागलो. आधी धावायचो, मग घामाघूम होऊन हॉलमध्ये मागच्या रांगेत सतरंजी पसरायचो. शिस्तीत सगळं केलं म्हणाल तर, सगळं नाही. इतरांनी उभं राहून हात वर केले की मी आडवा होऊन विश्रांती घ्यायचो, आणि इतर आडवे झाले की मी घोरत असायचो. पण जेवढं केलं तेवढ्याने चमत्कार झाला, हे मला मान्य करायला हवं. पाय मोकळे झाले. चढावर दम पुरायला लागला. एके दिवशी खाली वाकलो आणि कितीतरी वर्षांनी माझी नि माझ्या पायाच्या अंगठ्याची भेट झाली. तो बिचारा बराच बदलला होता.

अर्थात शर्यत मी जिंकेन असं कुणालाच वाटत नव्हतं. वर्गाची सगळी भिस्त डॉक्टरीणबाईंवर. त्या हरणासारख्या पळत. मला बायकोने एवढंच सांगितलं, की सावकाश पळा, वाटेत कुणाला काही समजावून सांगू नका, आणि आणखी काहीतरी. मी "हं" म्हटलं.

शर्यतीचा मार्ग साधा होता. फाटकातून निघायचं, बागेला मोठा वळसा घालायचा आणि परत येऊन वसाहतीच्या मैदानावर, हिरवळीवर संपवायचं. मैदानात दोन खांबांवर दोन मोठे कर्णे. दरवर्षी माइकवर सेक्रेटरी स्वतः असतात. पण त्या दिवशी जावई पहिल्याच वळणावर पुढे गेला आणि हे असे काही ओरडले की शेवटचा टप्पा यायच्या आत त्यांचा घसाच बसला. आता घोषणा कोण करणार? आवाज कमावलेला माणूस मैदानावर एकच. त्यांनी नाइलाजाने तो छोटा माइक आमच्या हिच्या कॉलरला अडकवला. हे सगळं मला मागाहून कळलं, कारण तेव्हा मी बागेच्या पलीकडे होतो आणि माझ्यामागे फक्त एक कुत्रा होता.

माझ्या पुढचं सगळं जग मैदानात शिरलं. जावई सगळ्यांच्या पुढे, त्याच्या मागोमाग डॉक्टरीणबाई आणि मग बायकोच्या वर्गातली नि बाहेरची सगळी फौज. जावई जिंकणार हे दिसताच सेक्रेटरी नीट बघायला म्हणून खुर्चीवर चढले. आधीच ओरडून ओरडून डोक्यात रक्त चढलेलं, त्यात ऊन. त्यांना गरगरलं. ते खुर्चीवर झोकांड्या खायला लागले. बायको धावली, त्यांना धरून खाली उतरवलं, आणि घाबरलेल्या माणसाशी बोलावं तसं, आपल्या त्या वर्गातल्या आवाजात बोलू लागली. कॉलरला माइक चालू आहे याचं भान कुणाला!

दोन्ही कर्ण्यांमधून सबंध मैदानावर आवाज घुमला, "आहात तिथेच थांबा. हळूच खाली बसा. पाठीवर झोपा. डोळे मिटा. शरीर सैल सोडा..."

तिच्या वर्गातला एकूण एक माणूस थांबला. खाली बसला. आडवा झाला. डोळे मिटले. सवय हो, सवय! डॉक्टरीणबाई तर शेवटच्या रेषेपासून चार पावलांवर होत्या. तिथेच त्या पसरल्या. वर्गाबाहेरच्या धावपटूंना वाटलं, ऊन लागून माणसं पटापट पडतायत. ते धावणं सोडून कुणाला वारा घाल, कुणाला पाणी आण, असं करत बसले.

आणि त्याच वेळी मी मैदानात शिरलो.

कर्णे माझ्या डोक्यावर होते. आवाज माझ्या बायकोचा होता. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. म्हणजे आवाज कानात शिरला असणार, पण इतक्या वर्षांच्या वहिवाटीने तो परभारे दुसऱ्या कानाने निघून गेला. मी फक्त बघितलं. सगळीकडे माणसं आडवी! माझ्या मनात आलं, अरेरे, नुसते पळत सुटले बिचारे, श्वासाकडे लक्ष दिलं नाही. योग केला असता तर ही वेळ आली नसती. मी ऊर भरून श्वास घेतला आणि त्या पडलेल्या माणसांमधून वाट काढत, एकाच्या डोक्यावरून, दुसऱ्याच्या पायावरून उड्या मारत निघालो. डॉक्टरीणबाईंना ओलांडताना "काळजी घ्या" असंही म्हणालो. फीत छातीवर घेतली. ती कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. मऊ असते!

मी जिंकलो होतो. माझ्या बायकोचा हॉल वाचला होता. मी दोन्ही हात वर करून गोल गोल फिरलो. कुणीतरी कप हातात दिला. टाळ्या मात्र फारशा वाजल्या नाहीत, कारण वाजवणारे बरेचसे अजून झोपलेले होते.

तेवढ्यात सेक्रेटरी गवतावर उठून बसले. त्यांनी मैदान बघितलं आणि त्यांना सगळा प्रकार उमगला. कुणीतरी हसून ओरडलं, की मॅडमच्या वर्गातलेच तेवढे आडवे झालेत. तेव्हा सगळ्यांची नजर शेवटच्या रेषेकडे गेली. अगदी रेषेलगत, पाय जरासे फाकलेले, तळवे आभाळाकडे, चेहऱ्यावर अपार शांती, असा सेक्रेटरींचा जावई निजला होता! गडी पाठदुखीसाठी कितीतरी दिवस सासऱ्यापासून लपून, आमच्या वर्गाच्या आधी भरणाऱ्या तिच्या पहाटेच्या वर्गाला येत होता. मैदानात अशी खसखस पिकली की जावयाने डोळे उघडले, सासऱ्याला बघितलं आणि पुन्हा मिटून घेतले.

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माणूस टेबल टेनिसवाला. चेंडू टप्पा पडायच्या आत परत करणार. बसलेल्या घशाने ते म्हणाले, "ठीक आहे. मॅडमच्या वर्गातले सगळे आडवे झाले, बरोबर? मग हे गृहस्थ का नाही झाले? हे त्यांच्या वर्गातले असतील तर मी कुणीच नाही."

हिशेब माझ्या डोक्यात हळूहळू शिरत होता. डॉक्टरीणबाई जिंकल्या असत्या, हॉल वाचला असता. जावई जिंकला असता, तरी वाचला असता! ही निर्धास्त पैज लावून बसली होती, ती उगीच नाही. सबंध शर्यतीत एकाच माणसाच्या जिंकण्याने हॉल जाऊ शकत होता, आणि तो माणूस कप छातीशी धरून उभा होता.

बायको माझ्यासमोर आली. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. तिची नजर खाली कुठेतरी थांबली. मग तिचे ओठ हलले. माझ्या कानात आपल्याच श्वासाची शिट्टी वाजत होती. आणि नेमका तेव्हाच माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला, की काय सांगू! डोळ्यांपुढे तारे चमकले. मी "आई गं" म्हणायच्या आत पाठीवर आडवा. कळ सोसवेना म्हणून डोळे गच्च मिटलेले.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

डोळे किलकिले करून बघतो तर सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत. डॉक्टरीणबाई रुमालाने डोळे पुसतायत. जावईसुद्धा झोपल्या झोपल्या टाळ्या वाजवत होता. मॅडमनी एकदा "सैल सोडा" म्हटलं मात्र, विजेता जागच्या जागी आडवा! याहून मोठा पुरावा काय हवा? सेक्रेटरींनी खिशातून हॉलची किल्ली काढली आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवली. मी तसाच पडून राहिलो. लोकांना वाटलं, केवढी एकाग्रता. मला उठताच येत नव्हतं.

संध्याकाळी घरी मी पाय उशीवर ठेवून, कप पोटावर ठेवून पडलो होतो. बायको शेजारी येऊन बसली आणि पोटरीला तेल चोळायला लागली. चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला माझाच अभिमान वाटला. तिने विचारलं, "शेवटी मी बोलले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं म्हणजे काय," मी म्हणालो. "शब्द न् शब्द. तू सांगायचं आणि मी नाही ऐकायचं, असं कधी झालंय का?"

ती हसली. खूप वेळ हसली. म्हणाली, "तुमची पोटरी फडफडताना दिसली मला. म्हटलं, पडणारच आहेत, तर आपण आधी सांगून टाकावं."

मी कपावरचं माझं प्रतिबिंब बघत राहिलो. वाकडंतिकडं दिसत होतं, पण विजेत्याचं होतं. ती तेल चोळता चोळता पुढे बरंच काही बोलत होती, किल्लीबद्दल, वर्गाबद्दल, वाढलेल्या गर्दीबद्दल. बोलणं थांबलं.

"हं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अजून नीट उजाडलंही नव्हतं, तर तिने मला गदागदा हलवून उठवलं. एका हातात हॉलची किल्ली होती, दुसऱ्या हातात झाडू. वर्ग भरायच्या आत हॉल उघडायचा, झाडायचा, सतरंज्या घालायच्या आणि मग सगळ्यात पुढच्या रांगेत बसायचं, रोज.

"काल 'हं' म्हणालात ना," ती म्हणाली.

तेव्हा सकाळी धावणं चालू आहे माझं. तळमजल्यापर्यंत, झाडू घेऊन. पण शर्यतीत मी पहिला आलो हे विसरू नका. आणि पोटरीची गोष्ट माझ्या-तुमच्यातच राहू द्या.